खालच्या लीगमधला पिचर वर कधी जातो?

होम प्लेटच्या मागे, जाळीला लागून असलेल्या रांगांत तीन-चार माणसं हमखास दिसतात. एका हातात रडार गन, मांडीवर वही. होम रन गेला, सगळं मैदान उठून उभं राहिलं, तरी ही मंडळी जागची हलत नाहीत. हे स्काउट. संध्याकाळचा सामना कोण जिंकतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. समोरचा एकवीस वर्षांचा पिचर आणखी तीन वर्षांनी कुठे असेल, एवढंच त्यांना बघायचं असतं. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली कितीतरी मंडळी उन्हाळ्यात मुलांना घेऊन अशा छोट्या मैदानांवर जातात. स्काउटच्या वहीत काय लिहिलेलं असतं ते ठाऊक असेल, तर तोच सामना वेगळा दिसतो.

चार पायऱ्या, एक चाळण

बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वात वरच्या लीगमध्ये, ३० क्लब आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली चार संघ असतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. म्हणजे एकूण १२० संघ. ही रचना २०२१ पासूनची. त्याच्याही खाली ॲरिझोना, फ्लोरिडा आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात नवख्यांच्या लीग चालतात. पिट्सबर्ग पायरेट्सचा पोरगा ब्रेडेंटनहून ग्रीन्सबरो, तिथून अल्टूना, मग इंडियानापोलिस असा चढत जातो.

याला रणजी समजू नये. मुंबईचा रणजी संघ करंडक जिंकायला उतरतो. मायनर लीगचा, म्हणजे या खालच्या पायऱ्यांवरचा, संघ ही वरच्या क्लबची रोपवाटिका. पगार वरून येतो आणि पिचरनं किती चेंडू टाकायचे हेही वरूनच ठरतं. त्यामुळे झकास चाललेल्या पोराला पाचव्या इनिंगमध्ये बाहेर काढलं की प्रेक्षक वैतागतात, पण त्याच्या वाट्याचे चेंडू संपलेले असतात.

खरी चाळण लागते ती डबल-एला. खालच्या पायऱ्यांवर प्लेटच्या बाहेर जाणाऱ्या स्लायडरवर बॅटर आंधळेपणानं बॅट फिरवतो आणि पिचरचे आकडे फुगतात. डबल-एचा बॅटर तोच चेंडू सोडून देतो. मग पिचरला स्ट्राइक झोनमध्ये यावं लागतं, आणि त्याच्याकडे खरोखर काय माल आहे ते तिथं उघडं पडतं.

वेग, आणि वेगाचं वेड

पिचर ६० फूट ६ इंचांवरून फेकतो, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा कमी अंतरावरून, आणि मध्ये टप्पा नाही. मेजर लीगमधला फास्टबॉल आज सरासरी ताशी ९४ मैलांच्या, म्हणजे सुमारे १५० किलोमीटरच्या आसपास असतो. आपल्याकडे एवढा वेग काढणाऱ्या गोलंदाजाची बातमी होते. तिथं ती प्रवेशाची फी.

स्काउट प्रत्येक चेंडूला २० ते ८० या मापावर गुण देतो. ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण चेंडू, ६० म्हणजे उठून दिसणारा, ८० म्हणजे क्वचित कुणाला मिळणारी देणगी. फास्टबॉल, स्लायडर, कर्व्हबॉल, चेंजअप यांचे गुण वेगवेगळे, आणि चेंडू हवा तिथं टाकण्याच्या हातोटीचे निराळे. रडार गनच्या जोडीला आता कॅमेरे आले आहेत. चेंडू किती फिरला, किती इंच वळला, हातातून कुठे सुटला, सगळं मोजलं जातं.

पण नुसत्या वेगानं कुणी वर पोचत नाही. बाल्टिमोरच्या व्यवस्थेत १९५७ पासून खेळलेला स्टीव्ह डालकोवस्की हा सर्वकाळच्या सर्वात वेगवान पिचरांपैकी एक मानला जातो. तो मेजर लीगचा एकही सामना खेळला नाही. चेंडू कुठे जाईल हे त्यालाच ठाऊक नसे.

कोणता आकडा बघावा

वर्तमानपत्रात पहिला छापतात तो ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा. मायनर लीगमध्ये यासारखा फसवा आकडा नाही. क्षेत्ररक्षक कच्चे, मैदानं निरनिराळी. कोलोरॅडो रॉकीजचा ट्रिपल-ए संघ आल्बुकर्कला खेळतो. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे साधा वाटणारा फटकाही कुंपणापार जातो. तिथं पाचचा ईआरए बघून पोराला निकामी ठरवणं हा त्याच्यावर अन्याय.

२००१ साली वोरोस मॅक्रॅकेन यानं एक मुद्दा मांडला आणि बेसबॉलवाल्यांची झोप उडाली. बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूचं पुढे काय होतं, यावर पिचरचा ताबा समजतात त्यापेक्षा फार कमी असतो. पिचरच्या हातात प्रामुख्यानं तीन गोष्टी: स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), वॉक (चार चेंडू बाहेर गेल्यानं बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस) आणि होम रन. पुढे या सिद्धान्ताला बरीच मुरड घातली गेली, पण गाभा टिकला.

म्हणून मी आधी एक सोपी वजाबाकी करतो. समजा, पोरानं १०० बॅटरांना चेंडू टाकले, त्यांतले ३० स्ट्राइकआउट केले आणि ९ जणांना वॉक दिला. तिसांतून नऊ गेले, उरले २१. मेजर लीगमध्ये ही बाकी सरासरी १४ च्या आसपास असते. डबल-एमध्ये विशीच्या वर बाकी सातत्यानं राखणारा पिचर नजरेआड करू नये. स्ट्राइकआउट भरपूर पण वॉकही १५, असा असेल तर त्याची वाट बहुधा बुलपेनकडे, म्हणजे एखाददुसरी इनिंग टाकण्याच्या कामाकडे वळते.

या वजाबाकीशेजारी वय मांडायलाच हवं. विसाव्या वर्षी डबल-एला टिकाव धरणारा आणि पंचविसाव्या वर्षी तिथं धुमाकूळ घालणारा यांत मी पहिल्याला निवडीन. दुसरा आपल्याहून लहान मुलांना हरवत असतो.

तिसरा चेंडू

सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, एकाच बॅटरला संध्याकाळी दोन-तीनदा सामोरा जातो. पहिल्या फेरीत फास्टबॉल आणि स्लायडरवर भागतं. तिसऱ्या फेरीत बॅटरनं दोन्ही ओळखलेले असतात. तिथं तिसरा चेंडू लागतो, बहुतेकदा चेंजअप: हात फास्टबॉलच्याच वेगानं फिरतो, चेंडू मात्र रेंगाळत येतो.

जेकब डीग्रॉम कॉलेजात शॉर्टस्टॉप होता, पिचिंगला उशिरा लागला. न्यूयॉर्क मेट्सनं २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्यांच्या वार्षिक निवडीत, त्याला नवव्या फेरीत घेतलं आणि त्याच वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. दुखापतीतून सावरताना त्याच क्लबचा योहान सान्ताना त्याला भेटला आणि त्याच्याकडून डीग्रॉम चेंजअप शिकला. मे २०१४ मध्ये मेट्सनं दोन पिचर वर बोलावले. गाजावाजा होता तो राफाएल मोन्तेरोचा. त्याच्यानंतर एका दिवसानं मैदानात उतरलेला, पंचवीस पूर्ण केलेला डीग्रॉम त्या मोसमाचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि पुढे २०१८ व २०१९ मध्ये त्यानं लागोपाठ सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला.

नियमाला धक्का देणारेही असतात. स्पेन्सर स्ट्रायडर जवळजवळ दोनच चेंडूंवर, २०२१ च्या एकाच मोसमात, सिंगल-एपासून अटलांटा ब्रेव्ह्जपर्यंत चढला आणि २०२३ मध्ये त्यानं २८१ स्ट्राइकआउट घेतले. मात्र त्याच्यासारखा फास्टबॉल असेल तरच हे जमतं.

कोपर आणि खांदा

१९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला तुटलेला अस्थिबंध बदलून तिथं त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध बसवला. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावानं ओळखली जाते. ती झाली की परतायला बारा ते अठरा महिने लागतात. म्हणजे वय धावत राहतं आणि पायरी तीच. खांदा गेला तर गोष्ट आणखी अवघड. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये सर्वात आधी निवडलेला ब्रायन टेलर १९९३ च्या डिसेंबरमध्ये एका मारामारीत खांदा दुखावून बसला आणि मेजर लीगपर्यंत कधीच पोचला नाही.

बढतीचा निर्णय हिशेबाच्या वहीत

इथवर सगळं पिचरच्या हातातलं. बढती मात्र अर्धी कागदावर ठरते. क्लबची ४० जणांची एक यादी असते. त्यात नाव असल्याशिवाय मेजर लीगमध्ये खेळता येत नाही. नवा आला की कुणाचं तरी नाव कापावं लागतं. अठरा किंवा त्याहून कमी वयात करार केलेल्याला पाचव्या मोसमानंतर आणि मोठ्या वयात केलेल्याला चौथ्या मोसमानंतर या यादीत घ्यायचं, नाही तर डिसेंबरातल्या ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब त्याला उचलू शकतो. डीग्रॉमला चेंजअप शिकवणारा सान्ताना १९९९ मध्ये असाच ह्यूस्टनच्या हातून सुटला होता. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये कोणाचं नाव यादीत चढलं ते बघा. क्लबचं खरं मत तिथं कळतं, मुलाखतींत नव्हे.

दुसरा हिशेब दिवसांचा. वरच्या लीगमधले १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. सुरुवातीचे काही आठवडे त्याला खाली ठेवलं की क्लबला तो आणखी एक वर्ष मिळतो. पॉल स्कीन्सचंच बघा. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पायरेट्सनं त्याला सर्वात आधी निवडलं. पुढच्या वर्षी इंडियानापोलिसला सात सामन्यांत त्याचा ईआरए ०.९९ होता आणि ४५ स्ट्राइकआउटपुढे वॉक फक्त ८. तरी त्याला वर आणलं ते ११ मे २०२४ ला. क्लब म्हणत होता, हातावरचा भार हळूहळू वाढवतोय. ते खोटं नव्हतं, पण दिवसांचा हिशेबही कुणी विसरलेलं नव्हतं. गंमत अशी, की २०२२ च्या करारानुसार सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते. स्कीन्स पहिला आला आणि ते वर्ष वसूल करून गेला.

रिंकू सिंगचं मोजमाप

उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे दोन तरुण, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, २००८ च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या चेंडूफेकीच्या स्पर्धेतून पायरेट्सकडे गेले. त्यांच्यावर चित्रपट निघाला, टाळ्या पडल्या. दिनेश लवकर परतला. डावखुरा रिंकू २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या सिंगल-ए संघातून बुलपेनमध्ये खेळत होता. वय चोवीसच्या उंबरठ्यावर, म्हणजे त्या पायरीला थोराड. पण बेसबॉलशी ओळख होऊन चारच वर्षं झाली होती. माझ्या मते प्रगती खरीच होती, पायरी मात्र अजून खालची होती, आणि पुढे दुखापतींनी वाट अडवली. नंतर तो कुस्तीच्या रिंगणात वीर महान म्हणून उतरला.

मैदानावर गेलात तर

प्लेटच्या मागची जागा घ्या आणि पहिल्या दोन इनिंग धावफलकाकडे बघूच नका. कॅचरचा ग्लोव्ह बघा. त्यानं जिथं धरलाय तिथंच चेंडू येतोय, की दर वेळी त्याला हात झोकावा लागतोय? पहिले दोन चेंडू बाहेर गेल्यावर बॅटर फास्टबॉलची वाट बघत असतो. तेव्हा पिचर काय टाकतो? तिथं त्यानं चेंजअप टाकला आणि तो स्ट्राइक गेला, तर नाव टिपून ठेवा. नोव्हेंबरमध्ये यादी लागेल.