कोंबडीच्या विषाणूची साक्ष

कर्करोगाच्या गाठीत एखादा मायक्रोआरएनए भरमसाट सापडला, की त्यालाच गुन्हेगार ठरवायची घाई होते. जेमतेम 22 न्यूक्लिओटाइडांचा हा धागा स्वतः प्रथिन बनवत नाही. संदेशवाहक आरएनएला चिकटून दुसऱ्याचे प्रथिन बनणे तेवढे रोखतो. विषाणूही असे धागे तयार करतात, हे 2004 मध्ये माणसातल्या एपस्टाइन-बार विषाणूत प्रथम दिसले. पण ते कर्करोग घडवतात, की आधीच बिघडलेल्या पेशीत नुसते साचतात? निदान एका धाग्यापुरता निकाल लागला आहे, आणि तो कोंबड्यांत लागला.

मॅरेक्स रोग पोल्ट्रीवाल्यांना चांगला ठाऊक असतो. हॅचरीत एक दिवसाच्या पिलांना त्याची लस टोचतात. हर्पिस कुळातला हा विषाणू कोंबड्यांत टी-पेशींचा लिम्फोमा घडवतो. पेशींच्या स्वतःच्या मिर-155 या मायक्रोआरएनएची नक्कल त्याच्या जनुकसंचात आहे; लक्ष्य ओळखणारा सुरुवातीचा तुकडा दोघांचा सारखाच. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत संशोधकांनी विषाणूच्या नकलेतल्या या तुकड्याची फक्त दोन अक्षरे बदलली. विषाणू वाढत राहिला, गाठी मात्र होईनात. मग त्या नकलेच्या जागी कोंबडीचाच मिर-155 बसवला, तेव्हा गाठी पुन्हा दिसू लागल्या. नुसत्या सहवासाने असे घडत नाही.

कोंबडी म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच. माणसावर असा प्रयोग करता येणार नाही. पण माणसातल्या कापोसी सार्कोमाच्या विषाणूकडेही मिर-155ची तशीच नक्कल आहे. एपस्टाइन-बारकडे ती नाही, तर तो पेशीलाच तिचा मिर-155 वाढवायला लावतो. प्रयोगशाळेत हा मिर-155 दाबला, की बाधित बी-पेशींची वाढ खुंटते. तीन विषाणू वेगवेगळ्या वाटांनी एकाच धाग्यापाशी येतात, याला योगायोग म्हणणे मला जड जाते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. एपस्टाइन-बारच्या बी95-8 या प्रकारात त्याचे स्वतःचे बार्ट नावाचे बहुतेक मायक्रोआरएनए गळालेले आहेत, तरी तो काचपात्रात बी-पेशींना अमर करतो. यातून बार्ट धागे त्या कामाला अत्यावश्यक नाहीत एवढेच ठरते. मिर-155 वाढवणारे प्रथिन या प्रकारातही शाबूत आहे. शिवाय काचपात्रात रोगप्रतिकारशक्तीचा पहारा नसतो. शरीरात परके प्रथिन टी-पेशींच्या नजरेत येते, मायक्रोआरएनए येत नाही. नाकामागच्या घशाच्या कर्करोगात, म्हणजे दक्षिण चीनमध्ये आणि आपल्याकडे नागालँडमध्ये जास्त आढळणाऱ्या आजारात, विषाणूची प्रथिने मोजकीच आणि बार्ट धागे मुबलक असतात, ते मला यामुळेच सूचक वाटते.

मग मिर-155 दाबणारे औषधच का देऊ नये? निरोगी बी आणि टी पेशींनाही तो लागतो. तो काढून टाकलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती लंगडी पडते.