माळ्यावरची बंदूक

तळोज्याच्या घरीं माळ्यावर चाळीस पावसाळे पडून राहिलेली माझी बालपणची छऱ्याची बंदूक मीं गेल्या महिन्यांत खालीं काढली. नळी गंजलेली, दस्ता कोरडा. हिच्यांत दारू नसते. चाप ओढतांच दाबलेली स्प्रिंग दट्ट्याला पुढें ढकलते व कोंडलेली हवा ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छरा बाहेर फेंकते. दट्ट्यावरची चामड्याची चकती वाळली, कीं हवा निसटते आणि जोर जातो. हिचें दुखणें तेंच! स्प्रिंग ताणांत असते. एकाएकीं सुटली तर डोळाच जावयाचा. म्हणून चकती मीं जाणत्या कारागिराकडून बदलविली. तेल बेतानेंच दिलें. अधिक झालें तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें तें पेटतें. गंज रॉकेलच्या चिंधीनें पुसला, दस्त्याला जवसाचें तेल चोळलें. हिनेंच लहानपणीं मीं एक चिमणी मारली होती. नातवापुढें कागदी लक्ष्य टांगलें. माझा पहिला छरा कागद चुकवून मागच्या वाळूच्या पोत्यांत गेला.