साडेसातची मिटिंग

सोलापूरजवळच्या कुंभारीत दारू कुठं मिळते हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. ती सोडायला माणसं कुठं जमतात, हे कळायला मात्र सोळा दिवस गेले. दिवस मी मोजले नव्हते, अक्कांनी मोजले. हजार विड्या वळून झाल्या की एक दिवस, असा त्यांचा हिशेब.

अक्का गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतात. विडी कामगार बायकांची ही दहा हजार घरं. 2006 साली चाव्या द्यायला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. पुढं कुंभारीतच रे नगर उभं राहिलं, तिथल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये मिळाल्या. एका साच्यातली इतकी घरं, तरी कुणाकडं काल रात्री काय झालं ते सकाळी पाणी भरताना कळतंच. अक्कांचे मालक अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर. पगाराच्या दिवशी घरी परतणारा माणूस वेगळाच असायचा. "सर, तुम्ही शाळेत होता, तुम्हाला ठाऊक असंल," एवढ्या भरवशावर त्या माझ्याकडं आल्या.

मला काहीच ठाऊक नव्हतं. उपाय मात्र त्यांनी बरेच करून पाहिले होते. पंढरपूरला माळ घातली, ती आषाढीपासून गणपतीपर्यंत टिकली. अक्कलकोटला स्वामींपुढं शपथ झाली. विजेच्या खांबावर चिकटवलेलं 'न सांगता दारू सोडवा' वाचून एक पावडरही आणली होती, भाजीत कालवायची. ती मी फेकायला लावली. असल्या पुडीत काय असतं ते पुडीवर छापलेलं नसतं. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असलं आणि वरून माणूस प्याला, तर जिवावर बेतू शकतं.

मग 14446 लावला. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन. तिथं नीट ऐकून घेतलं आणि उपचार केंद्रांची माहिती दिली. पण केंद्र म्हणजे राहणं आलं आणि महिनाभर लूम सोडली तर ती दुसऱ्याकडं जाणार. गावात तर व्यसनमुक्ती म्हटलं की एकच वाक्य ऐकू येतं, "पुण्याला टाका." म्हणजे मुक्तांगणला. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 ला सुरू केलेल्या त्या केंद्राचं नाव इथवर पोचलं आहे, हे खरंच. पण तिथं राहून आलेल्या एका ओळखीच्यानं मला सांगितलं, "सर, पुण्यात सोपं असतंय. अवघड इथं, नाक्यावर उतरल्यावर. मला मिटिंगनं धरून ठेवलंय."

मिटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, बोलण्यातली एए. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे निघालं. भारतात आलं 1957 मध्ये. फी नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच अट. नाव कुणाचं बाहेर जायचं नाही, हा त्यांचा नियम. आणि शोधणाऱ्याची पंचाईत होते ती ह्या नियमामुळंच, कारण ना पाटी, ना पदाधिकाऱ्यांचा फ्लेक्स. सोलापुरात फ्लेक्सविना काही चालतं हेच मला नवीन होतं! पहिल्या पत्त्यावर कुलूप. वॉचमन म्हणाला, "ते लोक? मंगळवारी यायचे. आता नाही येत."

मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणच्या हातभट्ट्या सुटाव्यात, गाळणाऱ्यांना दुसरा धंदा मिळावा, म्हणून सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. चांगलं काम. पण ते गाळणाऱ्यांसाठी. पिणाऱ्याच्या बायकोनं पत्ता विचारत किती दारं हिंडायची?

शेवटी त्या ओळखीच्यानंच एक फोन नंबर दिला. पलीकडच्या माणसानं नाव विचारलं नाही. रोज किती घेतात, सकाळी हात थरथरतात का, एवढंच विचारलं. मग म्हणाला, "आधी डॉक्टर. मिटिंग कुठं पळून जात नाही." बरीच वर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, क्वचित माणूस दगावतो. हे मला साठाव्या वर्षी कळलं. कुंभारीत मेडिकल कॉलेज असून मालकांनी आधी शपथ घ्यायला अक्कलकोट गाठलं होतं.

मालक डॉक्टरांकडं जाऊन आले आणि त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही साडेसातच्या मिटिंगला गेलो. ओपन मिटिंग होती, म्हणून मलाही बसता आलं. शाळेची खोली, फळ्यावर सकाळचा भागाकार तसाच, मोठी माणसं गुडघे वळवून चौथीच्या बाकांवर बसलेली. एकानं एएच्या बारा पायऱ्या वाचल्या. मग शेअरिंग. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी सल्ला देत नाही, आणि आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माझ्यासारख्याला हे फार जड गेलं. कोण काय बोललं ते लिहिणार नाही. मालकांचं तेवढं सांगतो, त्यांना विचारून. त्यांनी मराठीत सुरुवात केली, दुसऱ्या वाक्याला अडकले आणि तेलुगूत बोलू लागले. कुणी थांबवलं नाही. मला फक्त 'बिड्डा' कळलं, म्हणजे लेकरू. ते तीनदा आलं.

मर्जीनं द्यायच्या पैशांची पिशवी फिरली. मालकांनी खिशात हात घातला तसा शेजारचा म्हणाला, "तुमचं आज नाही." मग चहा. निघताना एकानं चिठ्ठीवर नंबर लिहून दिला: प्याल्यावर नाही, प्यावंसं वाटलं की फोन करायचा.

अक्का दारात सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "काय म्हणले?"

"काय नाय," मालक म्हणाले. "फक्त आजचा दिवस बघा म्हणले."

अक्कांनी चिठ्ठी सुपातल्या पत्र्याखाली ठेवली, पानं कापायच्या.

पुढच्या बुधवारी त्या पुन्हा माझ्या दारात. कारखान्यात रात्रपाळी लागली होती, येता शुक्रवार हुकणार होता. "सर, दुपारची कुठं असती का हो मिटिंग?"

मी चष्मा शोधला आणि फोन घेऊन पायरीवर बसलो.