कारखान्यांतील वायुवीजनाचे पंखे आणि त्यांची वीज



पंखा म्हटला म्हणजे आपणांस घरांतील छताचा पंखा आठवतो, आणि त्याचें भय बाळगावें असें कोणासहि वाटत नाहीं. कारखान्याच्या भिंतींत उंचावर बसविलेला, आंतील ऊन व दूषित हवा बाहेर फेंकणारा पंखा मात्र निराळ्या जातीचा. त्याची मोटर बहुधा तीन फेजांची, म्हणजे 415 व्होल्टांची. ती सदैव धूळ, वाफ व ओलावा यांत बसलेली. आणि बिघाड होईपर्यंत तिच्याकडे मान वर करून कोणी पाहत नाहीं. विजेचा धंदा माझा नव्हे. मीं शाळेंत शास्त्र व गणित शिकविलें. परंतु माझा एक जुना विद्यार्थी परवानाधारक वायरमन आहे. त्याच्यासमवेत इचलकरंजीकडील यंत्रमागांच्या कांहीं शेडांतून मी हिंडलों, त्यावरून दोन शब्द सांगतों.

एका शेडमध्यें पंख्याच्या जाळीवर सांचलेले कापसाचे तंतू पुसावयास एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा ओलें फडकें घेऊन शिडीवर चढला. मोटरीच्या सांगाड्यास हात लागतांच त्यास धक्का बसला व तो खालीं पडला. हात मोडला, जीव वांचला. मालक सज्जन गृहस्थ. ते मला म्हणाले, “गुरुजी, फ्यूज तर जागच्या जागीं आहे. मग पोराला धक्का बसलाच कसा?”

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण फ्यूज शाबूत आहे तोंवर सारें ठीक आहे, ही समजूत सर्वत्र आढळते. वास्तविक फ्यूज काय किंवा हल्लींचें एम.सी.बी. काय, त्यांचें मुख्य काम तारा जळूं न देणें हें आहे. आपण थोडें गणित करूं. तीन फेजांपैकीं कोणत्याहि एका फेजेचा जमिनीशीं दाब सुमारें 240 व्होल्ट असतो. मोटरीच्या आंतील वेटोळ्याचें आवरण झिजून तार सांगाड्यास टेकली. सांगाडा अर्थिंगच्या खड्ड्यास जोडलेला आहे. पण खड्ड्यांत वर्षानुवर्षें कोणी पाणी घातलेलें नाहीं, आणि त्याचा रोध 10 ओहम झाला आहे. विजेच्या रोहित्राकडील खड्ड्याचा रोध 2 ओहम धरा. एकूण 12 ओहम. 240 ला 12 नीं भागिलें असतां 20 अँपिअर येतात. फ्यूज 20 अँपिअरचा असेल तर तो वितळणार नाहीं! आणि सांगाड्यावर उभा राहणारा दाब किती? 20 गुणिले 10, म्हणजे 200 व्होल्ट. ओल्या हातानें त्यास शिवणाऱ्या माणसाच्या देहाचा रोध दोन हजार ओहम मानला तरी त्याच्यांतून एक दशांश अँपिअर प्रवाह जातो. याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा प्रवाह कांहीं काळ वाहिला तरी तो प्राणघातक ठरूं शकतो.

यावर उपाय दोन, आणि ते दोन्ही हवेत. पहिला असा कीं, नुसत्या मातीच्या भरंवशावर न राहतां मोटरीपासून मुख्य फलकापर्यंत धातूची सलग अर्थ-तार न्यावी. आपल्याकडील विद्युत्सुरक्षेचे नियम स्थिर मोटरीच्या सांगाड्यास दोन वेगवेगळ्या व स्वतंत्र अर्थ-जोडण्या मागतात. एक सुटली तर दुसरी हाताशीं असावी, हा त्यांतील हेतु. दुसरा उपाय म्हणजे गळती ओळखणारें यंत्र, ज्यास वायरमन लोक आर.सी.सी.बी. म्हणतात. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांचा तें अखंड ताळा पाहतें. 30 सहस्रांश अँपिअरचें यंत्र बसविलें, तर तेवढी तफावत पडतांच क्षणार्धांत वीज तोडतें. त्या शेडमध्यें तें नव्हतें. त्याची किंमत मुलाच्या इस्पितळाच्या खर्चापेक्षां पुष्कळ कमी होती, हें मालकांनीं स्वतःच नंतर बोलून दाखविलें.

आतां स्टार्टराविषयीं. पुष्कळ ठिकाणीं पंखा साध्या स्विचावर चालवितात. वीज जाते, कोणी जाळी काढून पात्यांत हात घालतो, आणि अवचित वीज येते! स्टार्टरांत नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली कीं ती सुटते, आणि पुन्हां बटण दाबल्यावांचून पंखा फिरत नाहीं. तरीहि दुरुस्तीच्या वेळीं पंख्याजवळच कुलूप लावतां येईल असा आयसोलेटर असावा, व किल्ली काम करणाराच्या खिशांत असावी. बाहेरच्या वाऱ्यानें पातीं वीज नसतांहि फिरतात. म्हणून तीं अडकवून ठेवल्याशिवाय हात घालूं नये.

मोटरीचें रक्षण करणारा ओव्हरलोड रिले हा स्टार्टराचाच भाग. मोटर सुरू होतांना सहा-सातपट प्रवाह क्षणभर ओढते, म्हणून फ्यूज मोठा घ्यावाच लागतो. सावकाश होणारा अतिभार ओळखणें हें रिलेचें काम. दोन अश्वशक्तींची मोटर पूर्ण भारावर साधारण साडेतीन अँपिअर घेते. चालू असतां एक फेज गेली, तर उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारें पावणेदोनपट होतो, मोटर घुमते, तापते, आणि भोंवतीं कापूस असेल तर पेट घेतो. रिले नेमप्लेटवरील आंकड्यावर लावावा. तो वारंवार पडतो म्हणून त्याचा खुंटा पुढें सरकविणारे महाभाग मीं पाहिले आहेत.

केबल पंख्याच्या हादऱ्यानें घासते. शेवटचा हात-दीड हात लवचीक नळींतून न्यावा, व पाणी मोटरींत उतरूं नये म्हणून केबल खालून चढवावी. रंग किंवा द्रावकें यांची वाफ जेथें असते, तेथें साधी मोटर चालत नाहीं, ज्वालारोधकच हवी.

दिशेचें एक गमतीचें आहे. दोन तारांची अदलाबदल झाली कीं मोटर उलटी फिरते. भिंतींतील पात्यांचा पंखा मग बाहेरची हवा आंत ओढतो, आणि तें लगेच कळतें. परंतु नळीवर बसविलेला पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेनें ढकलतो, फक्त फार थोडी. कामगार घुसमटतात, आणि पंखा तर फिरतांना दिसतो! वायुवीजन पुरेसें राखणें हें 1948 सालच्या कारखाना कायद्यानें मालकाचें कर्तव्य ठरविलें होतें. असा फिरणारा पंखा त्या कसोटीस उतरला नसता. फिरण्याच्या दिशेचा बाण आवरणावर असतो, तो पाहावा.

पंखा प्रथम सुरू करण्यापूर्वीं मेगरनें 500 व्होल्टांवर आवरणाचा रोध मोजावा. तो एक मेगओहमहून कमी असल्यास वीज देऊं नये. पावसाळ्यानंतर ही तपासणी पुन्हां करावी, खड्ड्याचा रोध उन्हाळ्यांत मोजावा, आणि गळतीच्या यंत्रावरील चाचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबावें. बटण दाबूनहि वीज तुटली नाहीं, तर त्याच दिवशीं तें यंत्र बदलून घ्यावें.