सह्याद्रीवरचं संशोधन: छापलं कुठे, वाचलं कोणी

मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १८८६ मध्ये आपलं नियतकालिक सुरू केलं. संस्था तीन वर्षं आधीची. लिहिणारे बहुतेक इंग्रज अंमलदार, डॉक्टर, शिकारी, वाचणारेही तेच. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी आला, तोही लंडनहून. मराठीत १९२८ पासून पुण्याचं ‘सृष्टिज्ञान’ निघू लागलं आणि त्याने मोठं काम केलं, पण सह्याद्रीवरचं मूळ संशोधन इंग्रजीतच छापायचं ही रीत काही मोडली नाही.

या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सत्तरच्या दशकातला देवरायांचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या जंगलांचा, अभ्यास. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संशोधन संस्थेतले डॉ. वा. द. वर्तक आणि तरुण पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ कोकणात, मावळात गावोगाव हिंडले. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची काळकाईची राई तेव्हा तोडीला निघाली होती. गावकऱ्यांनी या दोघांकडे धाव घेतली, वनखात्याशी बोलणं झालं आणि राई वाचली. दोघांचे निबंध १९७५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आणि १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’त आले. ज्या जंगलांकडे शहरी माणूस गावंढळ श्रद्धा म्हणून बघायचा, त्यांना विज्ञानाच्या दरबारात मान मिळाला. पुढे देवरायांवर देशभर जे काम झालं, त्याचा पाया इथे आहे. मात्र ज्यांनी राई राखली, त्यांच्या हाती हे निबंध पडायची काही सोय नव्हती.

तीस-पस्तीस वर्षांनी हीच उणीव फार महागात पडली. २०१० मध्ये केंद्राने गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ गट नेमला. गटाने सहा राज्यांतल्या घाटाचे सुमारे नऊ किलोमीटरचे चौकोन पाडले, प्रत्येकाची माहिती जमवली आणि १४२ तालुक्यांची संवेदनशीलतेनुसार तीन स्तरांत विभागणी सुचवली. अहवाल ऑगस्ट २०११ अखेर मंत्रालयाला सादर झाला आणि तिथेच पडून राहिला. माहिती अधिकारात मागणी झाली, तेव्हा हे उघड करणं देशाच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हिताला बाधक ठरेल, असा युक्तिवाद मंत्रालयाने केला. डोंगर, ओढे आणि झाडांचा अभ्यास गोपनीय! केंद्रीय माहिती आयोगाने हा युक्तिवाद मानला नाही, मे २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही मानला नाही, आणि मगच अहवाल लोकांसमोर आला.

पण मधल्या महिन्यांत अफवांना मोकळं रान मिळालं होतं. घर बांधता येणार नाही, शेती बंद होणार, अशी भीती घाटमाथ्यावर पसरली. अहवालात तर लिहिलं होतं की हे स्तर म्हणजे सुरुवातीची मांडणी आहे, अंतिम हद्दी ग्रामसभांशी बोलूनच ठराव्यात. हे वाक्य लोकांच्या भाषेत वेळेवर पोचलं असतं, तर सगळा विरोध मावळला असता असं नाही; खाणवाल्यांचा तर नाहीच. पण शेतकरी आणि अहवाल एकमेकांसमोर उभे राहिले नसते, अशी माझी खात्री आहे.

नंतर याच अहवालाचा फेरविचार करायला केंद्राने नेमलेला कस्तुरीरंगन गट आला. त्याने २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील मानला. २०१४ पासून या भागाच्या हद्दी ठरवणाऱ्या मसुदा अधिसूचना पुन्हापुन्हा निघत राहिल्या. सहावी ३१ जुलै २०२४ ची, केरळमधल्या वायनाडच्या भूस्खलनाच्या दुसऱ्या दिवशीची.

दरम्यान छापण्याचं जग मात्र बदललं. सोसायटीचे जुने खंड आता घरबसल्या फुकट वाचता येतात. कोइम्बतूरहून निघणारं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ घाटातल्या बेडकांपासून गवतांपर्यंतचे निबंध कुणालाही विनामूल्य देतं. पैशाची भिंत पडली, भाषेची उभी आहे. निबंध जिथला, त्या तालुक्याच्या भाषेत त्याचं चारपानी सार छापण्याची अट संशोधन संस्थांनी आणि अनुदान देणाऱ्यांनी घालावी. मसुदा अधिसूचनेतल्या हद्दीवर हरकत नोंदवायला साठ दिवस मिळतात. ते सार ग्रामसभेपुढे त्याआधी वाचलं गेलं पाहिजे.