पाळीव उंदीर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भोपाळच्या गोविंदपुऱ्यात 1956 नंतर हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या ‘भेल’चा कारखाना आणि त्याची वसाहत उभी राहिली. नोकरीच्या निमित्ताने देशभरातून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. अंगणे, झाडे आणि नाल्या असलेल्या अशा वसाहतीत उंदीर आणि घुशी कुणाला नव्या नाहीत. त्यामुळे मुलाने ‘पांढरा उंदीर पाळू या का?’ असे विचारले की घरातून दोन टोकांची उत्तरे येतात. कुणी म्हणते, ‘घरात ती घाण नको’. कुणी म्हणते, ‘आण की, पोळीचा तुकडा टाकला की झाले’. पहिल्या उत्तरात भीती वाजवीपेक्षा जास्त आहे, दुसऱ्यात त्या जिवाचे हाल ठरलेले आहेत. पाळीव उंदीर थोड्या पैशांत मिळतो, पण त्याला सांभाळणे सोपे नाही. त्याच्या वाट्याला येणारे बहुतेक दुःख क्रूरपणातून येत नाही, ते अपुऱ्या माहितीतून येते. म्हणून नेहमी कानावर पडणारे गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज : पाळीव उंदीर म्हणजे गटारातलाच, पकडून माणसाळवलेला.

वस्तुस्थिती : पाळीव उंदीर हा ‘रॅटस नॉर्व्हेजिकस’ या तपकिरी उंदराचा वंशज आहे, पण त्याच्यामागे माणसाच्या सहवासातल्या अनेक पिढ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. वेगळ्या रंगाचे उंदीर तो मारत नसे, वाढवून विकत असे. 1901 मध्ये इंग्लंडमधल्या एल्सबरी येथे मेरी डग्लस यांच्या पुढाकाराने पाळीव उंदीर पहिल्यांदा प्रदर्शनात मांडले गेले. पुढे 1906 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत प्रयोगशाळेसाठी पांढऱ्या उंदरांची जात तयार झाली. शांत स्वभावाचे उंदीर निवडत निवडत हा वंश घडला. अंगणातला किंवा माळ्यावरचा उंदीर पिंजऱ्यात कोंडून असा होत नाही. तो भेदरतो, चावतो आणि रोगही आणू शकतो. विकत घेतानाही नीट पाहावे. चिमुकला पांढरा उंदीर ही वेगळी जात, तो मोठेपणीही वीस-चाळीस ग्रॅमचाच राहतो. इथे आपण बोलतो आहोत तो मोठा उंदीर अडीचशे ते पाचशे ग्रॅमपर्यंत भरतो. दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत आणि त्यांना एका पिंजऱ्यात ठेवले तर मोठा उंदीर लहानाला मारू शकतो.

गैरसमज : घरात उंदीर म्हणजे प्लेगला आमंत्रण.

वस्तुस्थिती : ही भीती मराठी मनात खोलवर आहे आणि तिला कारणही आहे. 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला, पुढच्या वर्षी त्याने पुणे हादरवले. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत तो पुन्हा दिसला. पण 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले, की प्लेग उंदराकडून माणसाकडे नेतात त्या पिसवा. घरात बंदिस्त वाढलेल्या, पिसवा नसलेल्या उंदरापासून प्लेगचा धोका जवळजवळ नसतो.

मात्र पाळीव उंदीर रोगमुक्तच असतो, असेही नाही. त्याच्या तोंडातल्या जंतूंमुळे ‘उंदीर-चाव्याचा ताप’ येऊ शकतो. लेप्टोस्पायरोसिस मुतातून पसरतो. 2017 मध्ये अमेरिका आणि कॅनडात घरगुती उंदीरपालकांमध्ये ‘सोल’ विषाणूची साथ आढळली होती. त्यामुळे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, पिंजरा ओट्यावर किंवा मोरीत भांड्यांसोबत धुऊ नये, तोंडाजवळ धरून पापे घेऊ नयेत. घरात तान्हे बाळ, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे. अंगणातल्या उंदरांचा आणि पाळीव उंदराच्या दाण्या-पाण्याचा संबंध येणार नाही, अशी जागा निवडावी.

गैरसमज : उंदीर चावला की रेबीज होतो.

वस्तुस्थिती : उंदरांमध्ये रेबीज अत्यंत विरळा आढळतो आणि उंदीर चावल्यावर रेबीजची लस क्वचितच द्यावी लागते. तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविक लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. पुढच्या काही दिवसांत ताप, पुरळ किंवा सांधेदुखी झाली, तर उंदीर चावल्याचे आवर्जून सांगावे.

गैरसमज : एकच उंदीर पाळला तर तो माणसाचा जास्त लळा लावून घेतो.

वस्तुस्थिती : उंदीर कळपात राहणारा प्राणी आहे. एकमेकांचे अंग चाटणे, ढिगाने झोपणे, लुटुपुटूची कुस्ती खेळणे ही त्याची रोजची गरज आहे आणि माणूस दिवसभर ती पुरवू शकत नाही. 2011 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी एक उंदीर नळीत अडकवून दुसऱ्याला मोकळे ठेवले. मोकळ्या उंदराने दार उघडण्याची युक्ती शोधून सोबत्याला सोडवले. शेजारी चॉकलेट ठेवले, तेव्हाही अनेकांनी सोबत्याला सोडवून त्याच्यासाठी खाऊ शिल्लक ठेवला. अशा जिवाला एकटे कोंडणे ही शिक्षा आहे. दोन बहिणी किंवा दोन भाऊ एकत्र ठेवावेत. दोघांसाठी पिंजरा किमान दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच असावा. तारांमधली फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. तळ जाळीचा असेल तर तळव्यांना जखमा होतात, म्हणून त्यावर सपाट फळी किंवा जाड कापड घालावे. जुन्या सुती कापडाची झोळी टांगली की दोघे तिच्यात तासन्‌तास पडून राहतात. रोज तासभर तरी बंद, सुरक्षित खोलीत त्यांना मोकळे सोडावे.

गैरसमज : उंदीर काहीही खातो, उरलेसुरले घातले तरी चालते.

वस्तुस्थिती : तो काहीही खातो हे खरे, पण ते त्याला मानवते असे नाही. त्यातही उंदराला उलटी होत नाही. एकदा पोटात गेलेली वाईट वस्तू बाहेर टाकण्याचा मार्ग त्याच्याकडे नाही.

मोठ्या उंदराला दिवसाला पंधरा ते वीस ग्रॅम कोरडा आहार पुरतो. उंदरांसाठीच्या तयार कांड्या मिळाल्या तर उत्तम, कारण प्रत्येक घासात सारखे पोषण जाते. सुटे दाणे दिले तर तो सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या वेचतो आणि बाकीचे टाकतो. कांड्या मिळत नसतील तर ज्वारी, बाजरी, ओट्स किंवा दलिया, शिजवलेली मुगाची डाळ, आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा तुकडा आणि रोज थोडी भाजी द्यावी : दुधी, दोडका, गाजर, काकडी, मेथी, मटार. सशाचे खाद्य देऊन भागत नाही, त्यात उंदराला लागणारी प्रथिने कमी पडतात.

शेंगदाणे अगदी मोजके द्यावेत आणि पावसाळ्यात दमट झालेले तर मुळीच नकोत. त्यांच्यावरच्या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन उंदराच्या यकृताला फार घातक असते. कच्चा राजमा, हिरवट बटाटा, कांदा, चॉकलेट, चहा-कॉफी वर्ज्य आहे. संत्र्याच्या सालीतला घटक नराच्या मूत्रपिंडाला अपाय करतो. भोपाळच्या घराघरात सकाळी पोह्यांवर पडणारी शेव आणि सोबतची जिलेबी उंदराला देण्याचा मोह टाळावा, मीठ, तेल आणि साखर मिळून तो लवकर स्थूल होतो. चिकट लाडूचा गोळा घशात अडकू शकतो. चीज हेच उंदराचे खाणे, हे व्यंगचित्रांनी पसरवलेले चित्र आहे. पाणी रोज बदलावे आणि बाटलीचे तोंड अडलेले नाही, हे बोट लावून पाहावे.

गैरसमज : उंदीर कुठेही जगतो, त्याला ऊन-थंडी बाधत नाही.

वस्तुस्थिती : भोपाळात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उंदराला माणसासारखा घाम येत नाही. तो अंगातली उष्णता मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो आणि बत्तीस अंशांच्या पुढे त्याला उष्माघाताचा धोका असतो. गच्ची, पत्र्याची शेड, पश्चिमेची खिडकी या जागा नकोतच. घरातली सर्वांत थंड खोली द्यावी. पिंजऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली, मातीचे पसरट भांडे, थंड काकडी ठेवावी. कूलरचा थेट झोत अंगावर नको, पण खोलीत थोडा ओलावा हवा. कोरड्या हवेत पिलांच्या शेपटीवर आवळलेल्या कड्यांसारखे वण पडतात आणि शेपटीचा तेवढा भाग गळूनही जातो. शेपटीला धरून उंदीर उचलणे तर कधीच नको, वरची कातडी सोलून निघते. दोन्ही तळहातांच्या ओंजळीत उचलावे.

गैरसमज : सुताराकडचा भुसा अंथरला की झाले.

वस्तुस्थिती : देवदार आणि पाइनच्या भुशातून निघणारी तीव्र वाफ उंदराच्या फुफ्फुसांना आणि यकृताला त्रास देते. सुताराच्या भुशात रंग-पॉलिशचे कणही असू शकतात. बारीक फाडलेला कोरा कागद आणि सुती कापड बरे. मुताचा अमोनिया साचला की श्वसनाचा जुना आजार उफाळतो. ‘मायकोप्लाझ्मा पल्मोनिस’ हा त्याचा जंतू बहुतेक पाळीव उंदरांत दडलेला असतो. ओले अंथरूण रोज काढावे, पूर्ण पिंजरा आठवड्याला धुवावा.

गैरसमज : डोळ्यांतून रक्त येते, दात पिवळे पडले, म्हणजे आता संपले.

वस्तुस्थिती : डोळ्या-नाकाभोवतीचा लाल ओघळ रक्ताचा नसतो. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पाझरणारे ते पॉर्फिरिन असते. क्वचित थोडेसे दिसणे ठीक, पण रोज दिसू लागले तर उंदीर आजारी किंवा तणावात आहे. पुढचे दात पिवळट-केशरी असणे हे तर निरोगीपणाचे लक्षण. ते दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडायला लाकूड हवे. काळजी करायची ती घरघर, मान वाकडी होणे, खाणे सोडणे आणि अंगावर गाठ येणे यांची. माद्यांमध्ये स्तनांच्या गाठी फार आढळतात. प्रत्येक पशुवैद्य उंदीर तपासतोच असे नाही, म्हणून उंदीर आणण्यापूर्वीच शहरात कोण तपासतो, ते शोधून ठेवावे. शस्त्रक्रियेआधी उंदराला उपाशी ठेवू नये, उलटी होत नसल्याने त्याची गरज नसते.

गैरसमज : एकदा तरी पिले होऊ द्यावीत, तेवढीच गंमत. जोडी आणावी.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त हाल इथेच होतात, म्हणून हिशेब नीट समजून घ्यावा. मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते. गर्भकाळ एकवीस ते तेवीस दिवसांचा. एका खेपेला साधारण आठ ते बारा पिले. व्याल्यानंतर चोवीस तासांच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणजे अंगावर पाजत असतानाच पुढची खेप पोटात. पिले पाच-सहा आठवड्यांत स्वतः वयात येतात आणि भाऊ-बहीण, आई-मुलगा असा भेद त्यांच्यात नसतो. एक जोडी मोकळी सोडली तर तीन महिन्यांत दोन-तीन खेपा होऊन पहिल्या खेपेतल्या माद्याही व्यायला लागतात. एका पिंजऱ्यात आणलेल्या दोघांचे तीस-चाळिसांत रूपांतर व्हायला एवढा वेळ पुरतो. त्यांना घर कुठून आणणार?

जवळच्या नात्यातल्या जोड्यांमुळे पिले दुबळी निघण्याची शक्यता वाढते आणि दुकानातल्या जोडीचे नाते बहुतेक कुणालाच ठाऊक नसते. व्याल्याने मादीची तब्येत सुधारते, हाही समज खोटा. अडलेल्या बाळंतपणात ती दगावू शकते.

आणलेली मादी आधीच गाभण निघाली, तर नर असल्यास तो ताबडतोब वेगळा करावा. मादीला शांत जागी एकमजली पिंजरा, भरपूर कागदाच्या पट्ट्या आणि रोज अंडे किंवा डाळ द्यावी. पिले जन्मतः बिनकेसांची, डोळे मिटलेली असतात. पोटात दुधाचा पांढरा पट्टा दिसला की ती नीट पीत आहेत, असे समजावे. साधारण चौदाव्या दिवशी डोळे उघडतात, तीन आठवड्यांनी ती स्वतः खाऊ लागतात. साडेचार ते पाच आठवड्यांत नर आणि माद्या न चुकता वेगळ्या कराव्यात, हा दिवस चुकला की पुढची खेप ठरलेली. नराचे वृषण तोवर स्पष्ट दिसतात, त्यामुळे ओळख अवघड नाही.

गैरसमज : नको झाला तर बाहेर सोडून द्यावा, तो जगेल.

वस्तुस्थिती : पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदराची नजर अधू असते, तो लपू शकत नाही आणि अन्न शोधणे त्याला कुणी शिकवलेले नसते. कावळा, मांजर, कुत्रा किंवा शेजारच्या घरातले उंदराचे औषध त्याला लवकरच गाठते. पाळलेला प्राणी असा टाकून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

उंदराचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे. गणपतीच्या पायाशी बसलेल्या मूषकाला आपण लाडू वाहतो. घरात आणलेल्याला थंड जागा, स्वच्छ अंथरूण, सोबती आणि वेळेवर उपचार एवढे तरी द्यायला हवे. एवढे जमणार असेल, तर एकाच लिंगाचे दोन उंदीर आणा आणि त्यांची संख्या दोनच ठेवा. जमणार नसेल, तर मुलाला तसे स्पष्ट सांगा आणि आणू नका.