चपळ गाडीनंतर कोणती गाडी?



कामगार-संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने मोटारीच्या खरेदीवर बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांना नवल वाटेल. मोर्चा, मागणीपत्रक, वेतनकरार हे आमचे विषय; मोटार हा पैसेवाल्यांचा विषय, अशी जुनी समजूत आहे. परंतु चाकण, रांजणगाव, तळेगाव, पिंपरी या पट्ट्यात मोटार बनविणारे हात आणि मोटार विकत घेणारे हात आता वेगळे राहिलेले नाहीत. कारखान्यातील कायम कामगार, शाळेतील शिक्षक, बँकेतील कारकून, सारेच हप्त्याने मोटार घेतात, आणि घराच्या खालोखाल आयुष्यातील सर्वांत मोठा करार त्या दिवशी करतात. वेतनकराराच्या वेळी आम्ही एकेका रुपयासाठी रात्र रात्र बसतो; तोच माणूस शोरूममध्ये मात्र अर्ध्या तासात सही करून मोकळा होतो. म्हणून हा विषय माझाही आहे.

आज मी यातील एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे. ज्याच्यापाशी काही वर्षे लहान, हलकी आणि अंगापेक्षा अधिक जोराची गाडी होती, त्याने पुढची गाडी कोणती घ्यावी? अशा गाडीला मोटारशौकीन ‘हॉट हॅचबॅक’ म्हणतात. हॅचबॅक म्हणजे मागे सामानाची वेगळी पेटी नसलेली, पाठीमागचे दार वर उचलून उघडणारी गाडी. अशा घरगुती गाडीत जोरकस इंजिन बसवून तिचे स्प्रिंग आणि ब्रेक त्याला साजेसे केले, की ती ‘हॉट’ झाली.

या कल्पनेची पूर्वपीठिका इंग्लंडात सापडते. ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ साली ‘मिनी’ ही चिमुकली गाडी काढली. इंजिन आडवे बसविले, पुढच्या चाकांना जोर दिला आणि माणसांना जागा मोकळी करून दिली. जॉन कूपर यांच्या प्रयत्नाने १९६१ साली तिची ‘मिनी कूपर’ झाली, आणि १९६४, १९६५ व १९६७ या तीन वर्षी मॉन्टे कार्लोच्या रॅलीत थोरामोठ्या गाड्यांना मागे टाकून ती पहिली आली. मिनीला वर उघडणारे दार नव्हते. ती उणीव जर्मनीत भरून निघाली. फोक्सवॅगनच्या मोजक्या अभियंत्यांनी आरंभी वरिष्ठांच्या परवानगीवाचूनच गोल्फ गाडीची जोरकस आवृत्ती आखावयास घेतली. सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ‘गोल्फ जीटीआय’ मांडली गेली आणि १९७६ साली विक्रीस आली. पाच हजार गाड्या काढावयाच्या, असा बेत होता. त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या.

आपल्याकडे ही हवा उशिरा आली. चाकणला तयार होणाऱ्या पोलो गाडीची ‘जीटी टीएसआय’ ही आवृत्ती २०१३ साली निघाली. ११९७ घनसेंटिमीटरचे इंजिन, टर्बोची जोड आणि १०५ अश्वशक्ती. कट्टर शौकीन तिला ‘हॉट’ न म्हणता ‘कोमट’ म्हणतात. पण आमच्या रस्त्यांना तेवढी ऊब पुष्कळ होती. २०१५ मध्ये फियाटची १४५ अश्वशक्तीची ‘अबार्थ पुन्टो’ आली. पुढे काही वर्षांतच फियाटच्या गाड्या येथे मिळेनाशा झाल्या, आणि २०२२ मध्ये पोलोचेही उत्पादन थांबले. त्या सुमारास ज्यांनी या गाड्या घेतल्या, ते तेव्हा एकटे किंवा नवविवाहित होते. आज घरात दोन मुले आहेत, आईवडिलांचे गुडघे दुखतात, आणि गाडी दहा वर्षांच्या घरात आली आहे. प्रश्न येथे उभा राहतो.

अशा वेळी बहुतेक लोक एकच विचारतात, ‘हिच्याहून जास्त अश्वशक्तीची कोणती?’ माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. जुन्या गाडीत आपल्याला नेमके काय आवडत होते, हे आधी शोधावयास हवे. कामगार म्हणतो, ‘पगार वाढवा’. पण खोलात विचारले की कळते, खरी तक्रार पाळीची किंवा फोरमनची आहे. तसेच हे आहे.

आकडे पाहू. गाडीचा जोर वजनाशी ताडून पाहावा लागतो. पहिल्या गोल्फ जीटीआयची शक्ती ११०, वजन सुमारे ८१० किलो. म्हणजे दर टनामागे सुमारे १३५ अश्वशक्ती. पोलो जीटीचे वजन सुमारे ११०० किलो. दर टनामागे सुमारे ९५. आता २०२४ साली आलेली नवी स्विफ्ट घ्या. तिला कोणी शर्यतीची गाडी म्हणत नाही. तिची शक्ती सुमारे ८२, पण वजन सुमारे ९२० किलो. दर टनामागे ८९. म्हणजे कागदावरचे अंतर वाटते तितके मोठे नाही. मग पोलोची मजा कशात होती? तिचे टर्बो इंजिन मिनिटाला पंधराशे फेऱ्यांपासूनच आपला पुरा ओढा, १७५ न्यूटन-मीटर, देऊ लागे. घाटात मागच्या गिअरवर न येताही गाडी पुढे सरके. दुसरे म्हणजे तिची उंची १४६९ मिलिमीटर. गाडीचा भार जमिनीच्या जवळ. वळणावर भार बाहेरच्या चाकांवर किती कलंडतो, हे त्या भाराच्या उंचीवर अवलंबून असते. म्हणून ठेंगणी गाडी वळणात विश्वास देते. हलकेपणा, ठेंगणेपणा आणि कमी फेऱ्यांतील ओढा, या तीन गोष्टींना आपण ‘वेग’ असे एकच नाव देत होतो. खरे पाहता ताशी ५० किलोमीटरवरही ही मजा मिळत होती.

हे ध्यानात आले म्हणजे मागणीपत्रक लिहावयास बसावे. होय, कागदावर लिहावे. आम्ही मालकाकडे जातो तेव्हा मागण्यांचे तीन भाग करतो. पहिला, ज्यावर माघार नाही. दुसरा, ज्यावर देवघेव होईल. तिसरा, ज्या मिळाल्या तर आनंद. आणि हे पत्रक पुढाऱ्याने एकट्याने लिहावयाचे नसते, सभेत मंजूर करून घ्यावयाचे असते. गाडीची सभा म्हणजे आपले घर. पत्नी गाडी चालवीत असेल तर तिचे मत अर्धे मानू नका. वडिलांना खोल आसनातून उठता येत नसेल तर ती मागणी पहिल्या भागात येते. मात्र तेथे ‘वडिलांचा गुडघा’ असेच लिहा, ‘रस्त्यावर रुबाब’ असे लिहू नका. गुडघ्यासाठी चार बोटे उंच आसन पुरते. रुबाबासाठी किती उंची पुरेल, याला अंत नाही.

आता पर्याय पाहू. पहिला, पुन्हा तशीच लहान गाडी. ह्युंदाईची ‘आय-२० एन लाइन’ २०२१ मध्ये आली, टाटांची १२० अश्वशक्तीची ‘अल्ट्रोझ रेसर’ २०२४ मध्ये आली. या जातीच्या गाड्या बाजारात येतात आणि जातातही. त्या वेळी मिळत असतील तर आधी चालवून पाहाव्यात. घरात माणसे चारच असतील तर त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

दुसरा पर्याय मागे सामानाची पेटी असलेल्या सेडानचा. चाकणचीच ‘व्हर्टस’ २०२२ साली निघाली. मोठ्या इंजिनाची व्हर्टस १५० अश्वशक्तीची, वजन पावणेतेराशे किलोच्या आसपास. दर टनामागे ११५ ते १२०. उंची १५०७ मिलिमीटर, म्हणजे पोलोपेक्षा चार सेंटिमीटरसुद्धा अधिक नाही. सामानाला ५२१ लिटर जागा. तिच्याच कुळातील उंच ‘टायगुन’ १६१२ मिलिमीटर आहे. तिसरा पर्याय म्हणजे अशी उंच गाडी, जिला सर्वजण एसयूव्ही म्हणतात. इंजिन तेच, पण शरीर उंच. खड्डे, पाणी आणि गुडघे यांसाठी ती बरी; ज्याला वळणाची आवड आहे त्याला सेडान अधिक जवळची वाटेल. दोन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्याने चालवून पाहा. शोरूमवाले सपाट, मोकळ्या रस्त्याने नेतात. आपण घराजवळच्या उखडलेल्या रस्त्याने न्या, आणि मागच्या आसनावर वडिलांना बसवा.

चौथा पर्याय कोणी सांगत नाही, कारण त्यात विक्री नाही. जुनी गाडीच ठेवावी. टायर, शॉकअब्सॉर्बर, रबरी बुश, ब्रेकचे पॅड बदलले की दहा वर्षांची गाडी पुष्कळ सावरते. रस्त्याला टेकलेला प्रत्येक टायरचा भाग तळहाताएवढाच असतो, आणि गाडीचे सारे इमान त्या चार तळहातांवर असते. तरीही दोन गोष्टी पाहा. पोलो जीटीची सात गतींची ‘डीएसजी’ पेटी बिघडली तर दुरुस्ती महाग पडते. आणि २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी असते, म्हणून गाडी थोडे जास्त इंधन पिते. जुन्या गाडीच्या इंधननळ्या व रबरी भाग तपासून घेणे शहाणपणाचे.

पैशाकडे येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे. ही मर्यादा ओलांडली की ४० टक्के. विजेच्या गाडीवर ५ टक्के. विजेची मोटार पहिल्या क्षणापासून ओढते, त्यामुळे चपळाईच्या शौकिनाला ती मोह घालते. मात्र बॅटरीचे वजन हलकेपणा खाऊन टाकते. शिवाय महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत ११, वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के एकरकमी वाहनकर आहे. म्हणजे लांबी वाढली की नुसत्या पत्र्याची नव्हे, कराचीही किंमत वाढते. २०२५ मध्ये खुद्द गोल्फ जीटीआय परदेशातून तयार होऊन येथे आली, सुमारे ५३ लाखांना. जन्माला आली तेव्हा ती सामान्य माणसाची चपळ गाडी होती, हे आठवले म्हणजे मौज वाटते.

हप्त्याचा हिशेब तर प्रत्येकाने स्वतः करावा. समजा, दहा लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने घेतले. पाच वर्षांची मुदत घेतली तर महिना सुमारे २०,७६० रुपये, एकूण फेड सुमारे १२ लाख ४५ हजार. सात वर्षांची घेतली तर महिना सुमारे १६,०९० रुपये, पण एकूण फेड सुमारे १३ लाख ५१ हजार. हप्ता हलका झाला म्हणून गाडी स्वस्त झाली नाही. उलट एक लाख सहा हजारांनी महाग झाली. आणि ती दोन वर्षे घसरणारी किंमत आणि चालणारे व्याज यांच्यामध्ये आपण सापडतो. ज्या कामगाराचा करार तीन वर्षांनी संपतो, त्याने सात वर्षांच्या हप्त्यावर सही करताना हे मनात आणावे. संप होतो, टाळेबंदी होते. हप्ता थांबत नाही.

विम्यात एक हक्क पुष्कळ जण गमावतात. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढते. ती गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून तसे पत्र घ्यावे आणि नव्या गाडीला ती सूट लावून घ्यावी. ही कमावलेली रजा आहे. ती सोडून देऊ नये.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या पट्ट्यातील माणसाला सांगावी लागत नाही. कारखान्याचे दार बंद होते तेव्हा आत काम करणारे उघड्यावर पडतात, आणि बाहेर ती गाडी घेतलेलेही काही अंशी अडचणीत येतात. शेवरोलेची भारतातील विक्री २०१७ अखेर थांबली, तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. त्या गाड्या वाईट होत्या असे नव्हे. परंतु सुटा भाग किती दिवसांत मिळेल, गावात जाणता मेकॅनिक आहे का, हे घेण्यापूर्वी विचारावे. शोरूमच्या मालकाला विचारू नये. गॅरेजमध्ये हात काळे केलेल्या माणसाला विचारावे.

शेवटी सुरक्षितता. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतीय गाड्या आदळून पाहिल्या, तेव्हा हवापिशव्यांवाचूनच्या पोलोला प्रौढांच्या रक्षणासाठी एकही तारा मिळाला नाही. दोन हवापिशव्या घातलेल्या त्याच गाडीला चार मिळाले. २०२३ साली व्हर्टसला पाच मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ परीक्षाही चालू झाली आहे. आपण घेणार त्या गाडीचा निकाल पाहावा, आणि ही मागणी पहिल्या भागात ठेवावी. पण तारे माणसाला एका मर्यादेपर्यंतच वाचवितात. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ८० वरून १०० वर गेलो तरी ती दीडपटीहून अधिक होते. चपळ गाडी चालविलेल्या माणसाचा हात तयार असतो, हे खरे. रस्त्यावर समोरून सायकलवर येणारा पाळीचा कामगार मात्र त्या हाताची परीक्षा घ्यावयास आलेला नसतो. त्याला घरी जावयाचे असते.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. जुन्या गाडीतील कोणता गुण हवा, ते आधी लिहा. घरच्यांच्या मागण्या त्याच कागदावर घ्या. पाच वर्षांत फिटेल एवढेच कर्ज काढा. त्या चौकटीत जी सर्वांत हलकी आणि सर्वांत ठेंगणी गाडी बसेल, ती चालवून पाहा. बहुतेकांना तीच पुरेशी वाटेल. चौकटीत एकही बसली नाही, तर जुनीला नवे टायर घाला आणि आणखी एक वर्ष थांबा. वाटाघाटीत थांबण्याची ताकद ज्याच्यापाशी असते, त्याचाच करार चांगला होतो, हे मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे.